बेचाळीस नंबरच्या पिशव्या

राखेच्या बुधवारचा दुसरा दिवस, गुरुवार

प्रिय रेझा,

पुढचं वाचण्याआधी एक काम कर. दुकानातल्या फ्रीझरपाशी जा. आपल्या पिशव्यांच्या कोपऱ्यावर निळ्या शाईचा नंबर असतो, तो बघ. बेचाळीस नंबरची एकही पिशवी आता विकू नकोस. सगळ्या एका मोठ्या पिशवीत घाल, तोंड बांध, वर तारीख लिही आणि कुलूप लावून ठेव. कचऱ्यात टाकू नकोस, रस्त्यावरची मांजरं खातील. दुकानातल्या त्या तिरळ्या मांजरीला आज बाजारातला डबा दे. मग साबणानं हात धू आणि हे पत्र घेऊन बस. फोनवर मी हेच सांगत होतो. तू दोनदा फोन ठेवलास, तिसऱ्यांदा तो लागलाच नाही. म्हणून उद्या सकाळी बसवाल्या झ्वोंकोच्या हाती हे पाठवतो आहे. तुझ्या आईनं अक्रोडाचा पाव भाजला आणि डब्यात पावाच्या वर हे पाकीट तिनं स्वतःच्या हातानं ठेवलं. त्यातून काय समजायचं ते तू समज.

तुझा निरोप मी वाचला. "कुम बार्तोल, तुम्ही खाल्ल्या घरचे वासे मोजलेत," असं तू लिहिलंस. मोजले, रेझा. मोजायला बारा वर्षं उशीर केला, एवढीच माझी चूक. दुसरं तू लिहिलंस की बाबांनी तुम्हाला काम दिलं, आधार दिला, आणि तुम्ही एका म्हाताऱ्याच्या कुत्र्यासाठी त्यांचं नाव सरकारी कचेरीत नेऊन टाकलंत. यातला पहिला अर्धा भाग खरा आहे. लाकडाची वखार बंद पडली तेव्हा मला कुणी विचारत नव्हतं. तुझा बाप दारात आला आणि म्हणाला, "उठ, कुत्र्यांसाठी स्वयंपाक करायचाय, फक्त चूल पेटवायची नाही." मी हसलो आणि उठलो. ते मी विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही.

तुझा बाप्तिस्मा झाला तेव्हा तू सहा आठवड्यांची होतीस. कुम म्हणून, तुझा धर्मपिता म्हणून, मी तुला हातावर धरलं होतं. फादरनी विचारलं, सैतानाचा आणि त्याच्या सगळ्या कामांचा त्याग करतेस का? तुला तेव्हा ना दात होते ना शब्द. तुझ्या वतीनं मी म्हणालो, करते. तुझा बाप गाब्रो शेजारी उभा राहून बाहीनं डोळे पुसत होता. बाहेर आल्यावर मला मिठी मारून म्हणाला, "आता तू भावापेक्षा जवळचा. भावाला शिव्या देता येतात, कुमाला तेही नाही." आपल्याकडे हे असंच चालत आलं आहे. कुमाकडे पावती मागायची नाही. त्याच्या घोड्याचे दात बघायचे नाहीत. त्यानं पेल्यात ओतलेली राकिया आधी हुंगायची नाही. गेल्या शरद ऋतूत तू मला विचारलं होतंस ना, की मांजरांच्या खाण्यासाठी आणखी एक पुरवठादार बघते आहे, खरा कोण आणि खोटा कोण हे ओळखायचं कसं? मी काय उत्तर दिलं, आठवतं? "आपला माणूस बघ, बाकी काही बघू नकोस." शहाणपणानं दिलं होतं उत्तर. तेच आज मला मागे घ्यायचं आहे.

आधी झालं काय ते सांगतो, कारण तुला एकच बाजू कळली आहे. आपलं काम मला आवडायचं. गाईचं दिल, वजडी, कोंबडीच्या माना, ससा, थोडी कलेजी, जास्त नाही, कारण कलेजी जास्त झाली तर जनावराचं पोट बिघडतं. सगळं थंडगार असतानाच खिम्याच्या मशीनमधून काढायचं, पिशवीत भरायचं, गोठवायचं. येणाऱ्या प्रत्येक मालाबरोबर कत्तलखान्याचा कागद यायचा: कुठलं जनावर, कोणत्या दिवशी, कुणी तपासलं. तो मी दारामागच्या खिळ्याला टोचायचो. सुरुवात करताना क्रुसाची खूण करायचो. गाब्रो चेष्टा करायचा, "कुम, कुत्री कुठल्या धर्माची आहेत हे आधी विचारून घे." पण रागानं नव्हे. प्रत्येक खेपेतली एक पिशवी मी मागच्या जुन्या फ्रीझरमध्ये बाजूला ठेवायचो. मला हे कुणी शिकवलं नव्हतं. एकदा एक खेप कडवट निघाली होती आणि कशानं, ते कळायला हातात काहीच उरलं नव्हतं, तेव्हापासून लागलेली ती सवय.

या जानेवारीत कत्तलखाना दुरुस्तीसाठी दोन आठवडे बंद होता. त्याच काळात तुझी दुप्पट मागणी आली. तू लिहिलं होतंस, "बाबा, झाग्रेबची कुत्री आता तुमच्याच हातचं खातात, मला रिकामा फ्रीझर दाखवू नका." मी दोष देत नाही. पण सगळं सांगायचं ठरवलं आहे, तर हेही सांगितलं पाहिजे. शेवटच्या शनिवारी शिकारी मंडळाची हाकाऱ्याची शिकार होती. संध्याकाळी गाब्रो गाडी मागे घेत शेडपाशी आला आणि त्यानं चार खोकी उतरवली. बुटांवर चिखल, चेहरा खुललेला. "हरीण," म्हणाला. "सोमवारपर्यंत रेझाचा माल निघाला पाहिजे." मी म्हणालो, "गाब्रो, याचा कागद?" तो हसला. "आता तूही मला विचारणार, कुम? जंगलातलं आहे. जंगलापेक्षा स्वच्छ काय असतं? हरणाच्या आईनं दाखला दिला नाही, विसरली बिचारी." मीही हसलो. मग तो गेला आणि मी खोकं उघडलं.

रेझा, मी सहा वर्षांचा होतो तेव्हापासून दर नोव्हेंबरात डुक्कर कापताना बघत आलो आहे. आठव्या वर्षी आतडी धुतली, चौदाव्या वर्षी सुरी हातात घेतली. डुकराची चरबी बोटांना कशी लागते आणि हरणाची कशी, हे मला डोळे बांधूनही सांगता येईल. आपल्या गावातल्या कुणालाही येईल. ती चार खोकी हरणाची नव्हती. माझ्या हातांना ते पहिल्याच तुकड्याला कळलं. तरी मी मशीन चालू केलं, कारण कुम म्हणाला होता, हरीण. मी खिमा काढला, पिशव्या भरल्या, आणि निळा शिक्का मारला: बेचाळीस. हे दुसऱ्या कुणी केलेलं नाही. मी केलं, या हातांनी केलं.

आणि असंही नाही की मला ठाऊक नव्हतं. आपले शिकारी पारध झाली की कुत्र्याला हरणाचं काळीज टाकतात, पण रानडुकराचा कच्चा तुकडा टाकत नाहीत. माझ्या आजोबांनाही हे माहीत होतं. डुकरात एक रोग असतो, लोक त्याला खोटी पिसाळ म्हणतात. माणसाला त्यानं काही होत नाही. डुकराला पुष्कळदा कळतही नाही. पण कुत्र्याच्या नाहीतर मांजराच्या पोटात गेला की दोन दिवसांत सगळं संपतं, त्यावर औषध नाही. शिजवलं तर तो रोग मरतो, गोठवलं तर मरेलच असं नाही. आणि आपण शिजवत नाही. हीच तर आपली जाहिरात.

विंको मास्तरांचा काळा गारो तू पाहिला आहेस, टपालवाल्याची टोपी पळवायचा तो. शुक्रवारी तो तोंड खाजवायला लागला. भिंतीवर घासलं, जमिनीवर घासलं, गाल रक्तबंबाळ होईपर्यंत. तोंडातून लाळ. रविवारी मिस्साच्या वेळेला गेला. मास्तरांना वाटलं पिसाळला, ते त्याला बिलगून बसले होते, म्हणून स्वतःही घाबरले. जनावरांच्या डॉक्टरीण बाईंनी गारोला तपासायला पाठवलं आणि मास्तरांना एवढंच विचारलं, "यानं कुठं रानडुक्कर खाल्लं का?" मास्तर म्हणाले, "हा माझ्या पलंगावर झोपतो, बाई. गाब्रोच्या पिशवीशिवाय काही खात नाही." खोटी पिसाळ निघाल्याचा अहवाल आला त्या दिवशी ते शेडवर आले. रिकामी पिशवी धुऊन, घडी करून खिशात आणली होती. टेबलावर उलगडली, नंबरावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "बार्तोल, यात काय होतं?" मला अक्षर ओळखायला शिकवलेला माणूस. मी म्हणालो, "हरीण." त्यांनी पिशवीची पुन्हा घडी केली. मग म्हणाले, "चौथीत कॉपी करायचास तेव्हाही असाच खिडकीबाहेर बघायचास." आणि टोपी घालून निघून गेले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

मी शेडला कुलूप लावलं आणि संत रोकच्या छोट्या देवळात जाऊन बसलो. तुला ती मूर्ती माहीत आहे. संत आजारी पडलेला, माणसांनी टाकून दिलेला, आणि त्याच्या पायाशी कुत्रा, तोंडात भाकर घेऊन. तो रोज भाकर आणायचा म्हणून संत जगला. मी किती वेळा त्या कुत्र्याच्या नाकावरची धूळ पुसली आहे! त्या दिवशी माझ्यानं वर बघवेना. प्रार्थना जमली नाही. नुसता बसलो. उठलो तेव्हा मनात भीती उरली नव्हती, एवढं खरं.

तिथूनच गाब्रोला फोन केला. सांगितलं, मास्तरांचा गारो आपल्या बेचाळीस नंबरच्या पिशवीनं मेला. त्यावर त्यानं पहिला प्रश्न काय विचारला, ते तुला सांगतो आणि मग पुरवठादार कसा निवडायचा हा तुझा प्रश्न संपतो. त्यानं विचारलं, "कुणाकुणाला सांगितलंस?" किती पिशव्या गेल्या, हे नाही. कुठं गेल्या, हे नाही. मी म्हणालो, अजून कुणालाच नाही. म्हणाला, "मग बरं. मशीन धू, मागचा फ्रीझर रिकामा कर, आठवडाभर घरी बस. कुत्रं मेलंय, कुम, माणूस नाही." मी म्हणालो, "फ्रीझर रिकामा होणार नाही." मग मऊ आवाजात म्हणाला, "रेझाचं दुकान बुडेल. तुझ्या मांडीवर खेळलेली पोर आहे ती." त्याला ठाऊक होतं कुठं दाबायचं ते. मी फोन ठेवला, कारण आणखी थोडं ऐकलं असतं तर मी त्याचं ऐकलं असतं.

बुधवारी सकाळी कपाळाला राख लावून घेतली आणि तसाच जाकोवोला पशुवैद्यकीय तपासनिसांकडे गेलो. बाजूला ठेवलेली पिशवी दिली. हरीण म्हणून आलं, रानडुक्कर होतं, मला कळलं होतं, तरी मी मशीन चालवलं, असं लिहून खाली सही केली. परत आल्यावर एका कागदावर मोठ्या अक्षरात नंबर लिहिला आणि पिशव्या परत आणा म्हणून चर्चच्या दाराला लावला. फादर म्हणाले, "बार्तोल, इथं लग्नाच्या सूचना लावतात." मी म्हणालो, "फादर, गारो दर रविवारी याच पायरीवर मास्तरांची वाट बघत बसायचा." त्यांनीच आतून खिळा आणून दिला. गुत्त्यात मात्र वेगळं चाललं होतं. तुन्या मोठ्यानं म्हणाला, "उठा रे, कुत्र्यांचा पोप आला!" सगळे खदखदले. कुणी भुंकून दाखवलं. एक म्हातारा म्हणाला, "कुमाविरुद्ध गेलास, तुझ्या शवपेटीला खांदा कोण देणार?" मी म्हणालो, "मास्तर देतील. ते नसले तर मी चालत जाईन." गावातल्या पिशव्या संध्याकाळपर्यंत परत आल्या, दोन सोडून सगळ्या. हसणाऱ्यांतल्या तिघांनी मागच्या दारानं आणून दिल्या. तुन्याच्या बायकोनं तर मांजर टोपलीत घालून आणली आणि विचारलं, "हिला बघा, नेहमीसारखीच मूर्ख दिसते ना?" दिसत होती. देवाची कृपा.

आता तुझ्या प्रश्नाचं नीट उत्तर देतो. पुढं तुला कुणाकडून तरी माल घ्यावाच लागेल. ज्याच्या दारी जाशील त्याला न कळवता जा आणि आत येऊ का, म्हणून विचार. अंगात घालायला पांढरा डगला देऊन आत नेणारा निम्मा पास झाला. हसून बाहेरच कॉफी पाजणारा नापास, कॉफी कितीही चांगली असू दे. माल कुठल्या कत्तलखान्यातून येतो ते विचार आणि मग त्या कत्तलखान्याला फोन करून याचं नाव विचार. पिशवीवर प्राण्याचं नाव हवं. "मिश्र मांस" लिहिलं असेल तर ती पिशवी जागेवर ठेव. डुक्कर वापरता का, या प्रश्नावर जो चिडतो त्याच्याकडून दोरीसुद्धा घेऊ नकोस. जो म्हणतो कच्चं कधीच नाही आणि का ते समजावून सांगतो, त्याचं ऐक. आमचा माल शंभर टक्के निर्धोक, असं म्हणणाऱ्यापासून लांब राहा. कच्चं मांस निर्धोक नसतं, ते सांभाळावं लागतं, आणि हे ज्याला माहीत आहे तोच सांभाळतो. प्रत्येक खेपेतलं थोडं बाजूला ठेवतो का, ते बघ. आणि शेवटी एक दिवस फोन करून सांग की तुमच्या मालानं एक कुत्रं आजारी पडलंय. "पिशवीचा नंबर काय?" असं ज्यानं आधी विचारलं, तो तुझा माणूस. मग तो परका असो, दुसऱ्या देशातला असो, चर्चचं तोंड कधी न पाहिलेला असो. आणि हे सगळं तू त्याला विचारशील तेव्हा तुला वाटेल की आपण त्याचा अपमान करतो आहोत. वाटू दे. मी बारा वर्षं कुणाचाच अपमान केला नाही, बघ त्याचं काय झालं ते.

तुझ्या बापाला मी वाईट माणूस म्हणणार नाही. तो घाबरलेला माणूस आहे. त्याच्यासाठी रोज एक माळ जपतो. त्यानं हाक मारली तर जाईन, पण सही मागे घेणार नाही. त्यानं सांगून नाही, तुझ्या आईनं सांगून नाही, तू रडून नाही.

आणि आता हे पत्र का लिहिलं ते. बेचाळीस नंबरच्या गावातल्या पिशव्या मला ठाऊक होत्या. बाकीच्या तीनशे तुझ्याकडे गेल्या. त्यातल्या किती विकल्या गेल्या आणि कुणाच्या घरी आहेत, हे जगात फक्त तुला ठाऊक आहे. तपासनीस बाईंनी विचारलं, माल आणखी कुठं गेला? मी तीन पत्ते दिले: शेडचा, शिकारी मंडळाचा, आणि तुझा. रस्ता, दुकानाचा नंबर, तुझं पूर्ण नाव. आधी ते दिले आणि मग हे पत्र लिहायला बसलो, म्हणजे देऊ नका असं तुला मला सांगता येऊ नये. ते लोक सोमवारी सकाळी आठला तुझ्या दारात येतील. त्यांची वाट बघू नकोस. हे वाचून झालं की गिऱ्हाइकांना एकेकाला फोन लाव. आपलं नाव सांग, बापाचं नाव सांग, कुमाचं नाव सांग, आणि सांग की फ्रीझरमध्ये कोपऱ्यावरचा नंबर बघा. लोक शिव्या देतील, त्या ऐकून घे आणि पुढचा नंबर लाव. सोमवारी ते आले तेव्हा तू फोनवर सापडलीस तर ते एक दुकान असेल. काउंटरमागे गप्प उभी सापडलीस तर ती दुसरी शेड असेल. मी रविवारच्या बसनं येतो आहे. आठ वाजता मीही तुझ्या दारात असेन. आत घेतलंस तर निम्मे फोन मी लावीन. नाही घेतलंस तर बाहेर उभा राहीन, आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारीन, घरी कुत्रं आहे का, मांजर आहे का, पिशवीचा नंबर काय.

तुझ्यावर रागावलेला नसलेला, आणि मागे न हटणारा,
तुझाच
कुम बार्तोल